जुन्या गाडीचा उजेड

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत मोटारसायकलच्या दिव्यावर माणसाचा जीव अवलंबून असतो. कुकडी प्रकल्पाच्या येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे आणि पिंपळगाव जोगे या पाच धरणांनी इथल्या शिवारात पाणी खेळवले. पाण्यामागे ऊस आला आणि उसात बिबट्या वस्तीला आला. विघ्नहर आणि भीमाशंकर या कारखान्यांना ऊस पुरवणाऱ्या पट्ट्यात बिबट्याची मादी आता फडातच विते, पिल्ले फडातच वाढतात. माणिकडोहला बिबट्यांसाठी निवारा केंद्र उभारावे लागले, ते याच कारणाने. शेतीची थ्री फेज वीज वर्षानुवर्षे आळीपाळीने दिवसा आणि रात्री येत राहिली. रात्रपाळीच्या आठवड्यात शेतकरी मोटार चालू करायला विहिरीवर निघतो तो दुचाकीवरूनच. चालत्या दुचाकीवर बिबट्याने झेप घेतल्याच्या घटना या भागात अनेकदा घडल्या आहेत. अशा वाटेवर पुढचा दिवा मिणमिणता असेल, खड्ड्यात चाक आपटले की विझत असेल, तर ती दुरुस्ती रविवारवर ढकलण्यासारखी नाही.

या गाड्याही बहुतेक जुन्याच. एमएच-१४ क्रमांकाच्या, वीस-पंचवीस वर्षे वापरलेल्या स्प्लेंडर प्रत्येक वाडीत दिसतात. १९८५ साली आलेल्या सीडी १०० आणि आरएक्स १०० अजून कुणाकुणाकडे रोज चालतात. म्हैसूरचा आयडियल जावा कारखाना १९९६ मध्ये बंद झाला, तरी त्याच्या येझदी हौसेने जपणारे नारायणगाव-मंचरकडे सापडतात. राजदूत आणि एम-८० वर दुधाचे कॅन लावून डेअरीला जाणारी पिढी तर आत्ताआत्तापर्यंत रस्त्यावर होती. या गाड्यांची इंजिने दणकट असतात. बोअर केले, पिस्टन-रिंगा बदलल्या की पुन्हा चालतात. थकते ते वायरिंग. आणि वायरिंग बिघडले की बहुतेक जण सुटे भाग बदलत सुटतात: बॅटरी बदल, सीडीआय बदल, कॉइल बदल. माझे ठाम मत असे, की दहापैकी आठ-नऊ वेळा महागडा भाग धडधाकट असतो आणि दोष कुठल्या तरी सांध्यात नाहीतर अर्थिंगमध्ये असतो.

अर्थिंग ही गोष्ट नीट समजून घेतली तर अर्धे काम झाले. बॅटरीच्या प्लसपासून निघालेला प्रवाह फ्यूज, चावी आणि बटण यांतून दिव्यापर्यंत येतो, ही जाण्याची वाट सगळ्यांना दिसते. पण त्याला बॅटरीच्या मायनसकडे परतही जावे लागते. जुन्या गाडीत परतीचा मोठा टप्पा लोखंडातून होतो: दिव्याचे भांडे, मडगार्ड, चॅसी, इंजिन. त्या लोखंडावर गंज चढला, किंवा गाडी नव्याने रंगवताना पेंटरने बोल्टाखालच्या जागेवरही रंग मारला, तर प्रवाहाची वाट तिथेच अडते. रंगकाम करून आणलेल्या गाडीचे इंडिकेटर मंद झाले, ब्रेक दाबला की टेललाइट विझायला लागला, तर दुसरे काही शोधू नये. अर्थचा बोल्ट सोडवावा, खालची जागा पॉलिश पेपरने चकचकीत घासावी, थिंबल साफ करून पुन्हा घट्ट आवळावे आणि वरून पेट्रोलियम जेली लावावी. पश्चिमेकडच्या आहुपे, भीमाशंकर, नाणेघाट, माळशेज पट्ट्यात चार महिने धुके आणि पाऊस असतो. तिथल्या गाड्यांच्या कपलरमध्ये पितळी पिनांवर हिरवट पूड चढते. शिरूरच्या बाजूच्या कोरड्या शिवारातल्या तशाच गाडीची वायर वीस वर्षांनीही आतून लाल सापडते. गाडीचे वय आरसी बुकात लिहिलेले असते, वायरिंगचे वय मात्र तिने किती पावसाळे उघड्यावर काढले यावर ठरते.

सांध्यातल्या एवढ्याशा गंजाने काय बिघडते, याचा हिशेब सोपा आहे. राजदूत किंवा जुनी येझदी सहा व्होल्टची. तिच्या २४ वॅटच्या दिव्याला चार अँपिअर प्रवाह लागतो. वाटेतल्या गंजलेल्या सांध्याचा विरोध अवघा पाव ओहम धरला, तरी त्या सांध्यावर सुमारे एक व्होल्ट खर्ची पडतो आणि दिव्याला पाचच्या आसपास उरतात. तारेच्या बल्बचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात कमी होत नाही, त्याहून फार झपाट्याने घसरतो. व्होल्टेज सहाव्या हिश्शाने कमी झाले की उजेड जवळजवळ निम्म्यावर येतो. तोच सांधा बारा व्होल्टच्या गाडीत असता तर प्रवाह दोन अँपिअर, सांध्यावर खर्च अर्धा व्होल्ट, आणि उजेडातली घट डोळ्याला जेमतेम जाणवली असती. 'सहा व्होल्टच्या गाडीला उजेडच नसतो' असे जे म्हणतात, त्यातला मोठा भाग चाळीस वर्षांच्या सांध्यांचा आहे. सगळे सांधे घासून, अर्थची एक स्वतंत्र जाड वायर थेट दिव्याच्या भांड्यापर्यंत ओढली की हीच येझदी रस्ता दाखवू लागते.

आता दोष शोधायचा कसा? स्प्लेंडर आणि तिच्या बहिणींपुरते बोलू, कारण इथे सगळ्यात जास्त त्याच आहेत. जुन्या स्प्लेंडरमध्ये विजेची दोन वेगळी घरे आहेत. पुढचा मोठा दिवा आणि टेललाइट मॅग्नेटच्या लायटिंग कॉइलवर, म्हणजे एसीवर चालतात. म्हणूनच गाडी आयडलिंगला असताना दिवा मंदावतो आणि रेस दिली की उजळतो. हॉर्न, इंडिकेटर आणि ब्रेकलाइट बॅटरीवर चालतात. इंजिनाची ठिणगी या दोघांपासून वेगळी: मॅग्नेटमधली एक्सायटर कॉइल, पल्सर कॉइल, सीडीआय आणि एचटी कॉइल. बॅटरी पूर्ण मेली तरी ही गाडी किक मारून चालू होते, ती यामुळेच. एवढे लक्षात ठेवले तर स्क्रू सोडवण्याआधीच दोषाचा पत्ता लागतो. हॉर्न आणि इंडिकेटर दोन्ही गप्प, पण पुढचा दिवा लख्ख? फ्यूज, बॅटरी आणि चावीकडे बघा. हॉर्न खणखणीत, पण पुढचा आणि मागचा दिवा दोन्ही मंद? लायटिंग कॉइल, लाइटचा स्विच किंवा अर्थ. बल्ब आठवड्याला उडतात? बल्बची कंपनी बदलत बसू नका. रेग्युलेटरचा कपलर उघडा आणि त्याचे अर्थिंग तपासा. रेग्युलेटरचे अर्थिंग सुटले की जादा व्होल्टेज गिळणारे कुणी उरत नाही आणि रेस दिल्याबरोबर ते सगळे बल्बवर येते.

चालती गाडी मध्येच बंद पडते, पाच मिनिटांनी पुन्हा चालू होते, हा सगळ्यांत छळणारा दोष. अशा गाडीचे सीडीआय बदलण्याआधी दोन गोष्टी कराव्यात. गाडी उभी करून इंजिन चालू ठेवावे आणि हँडल पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे फिरवावे. एका बाजूला वळवल्यावर इंजिन गचके खाऊ लागले तर दोष चॅसीच्या मानेपाशी आहे. हँडलबरोबर वायरींचा गठ्ठा तिथे रोज शेकडो वेळा वाकतो. आतले तांब्याचे धागे एकेक करून तुटतात आणि वरचे आवरण मात्र शाबूत दिसते. संशय असलेली वायर दोन बोटांत धरून हलकेच ओढावी. तांबे तुटलेले असेल तिथे आवरण ताणले जाते. दुसरी गोष्ट: एसीवर चालणाऱ्या सीडीआय गाड्यांत चावी बंद केल्यावर काळ्या-पांढऱ्या पट्ट्याची वायर अर्थला टेकते आणि ठिणगी मरते. ही वायर टाकीखाली घासून चॅसीला टेकू लागली तर चावी चालू असूनही गाडी बंद पडते, विशेषतः पावसात. ही वायर सीडीआयपाशी सुटी करून किक मारावी. गाडी चालू झाली तर सीडीआय निर्दोष आहे.

तपासाला मोठी साधने लागत नाहीत. जुना टेललाइटचा बल्ब घ्यावा, त्याला दोन वायरी आणि टोकाला पिना जोडाव्यात, झाला टेस्टर लॅम्प. मल्टिमीटर आता कुठल्याही इलेक्ट्रिकलच्या दुकानात स्वस्तात मिळतो आणि तो असावाच, पण त्याची एक फसगत ध्यानात ठेवली पाहिजे. वायरीतले सगळे धागे तुटून एकच उरला असेल तरी मीटर पूर्ण बारा व्होल्ट दाखवतो, कारण मीटर स्वतः प्रवाह घेतच नाही म्हटले तरी चालेल. टेस्टर लॅम्प मात्र पेटायला प्रवाह मागतो आणि खरे-खोटे तिथेच कळते. मीटर वापरायचाच तर ब्रेकलाइट पेटलेला असताना एक टोक बॅटरीच्या मायनसवर आणि दुसरे होल्डरच्या धातूवर लावावे. आकडा शून्याजवळ हवा. अर्धा व्होल्ट दिसला तर अर्थिंग आजारी आहे.

फ्यूज सारखा उडत असेल तर तो टेस्टर लॅम्प फ्यूजच्या जागी जोडावा. चावी चालू, बाकी सगळी बटणे बंद. कुठे शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटेल आणि नवे फ्यूज जळणार नाहीत. मग एकेक कपलर सुटा करत जावे. ज्या क्षणी बल्ब मंदावेल, त्या वायरीवर दोष. दूध घालणाऱ्यांच्या गाड्यांत तो बहुधा मागे सापडतो. कॅनच्या कड्या कॅरियरला अडकवलेल्या असतात, भरलेला कॅन खड्ड्यागणिक हेलकावतो आणि मागच्या दिव्यांकडे जाणारी वायर मडगार्डच्या कडेवर घासून उघडी पडते. टोमॅटोचे क्रेट बांधणाऱ्यांचेही तेच. फ्यूजच्या जागी तांब्याची तार किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळण्याची सवय मला सर्वांत भयंकर वाटते. शॉर्ट झालेली वायर लाल होते आणि तिच्यावर पेट्रोलची टाकी असते.

रंगांविषयी सांगितलेच पाहिजे, कारण हुशार माणसेही इथे चुकतात. होंडाच्या पद्धतीत हिरवी वायर अर्थची, लाल बॅटरीची आणि काळी म्हणजे चावी चालू केल्यावर करंट येणारी. यामाहाच्या पद्धतीत काळी अर्थची आणि चावीनंतरची तपकिरी. स्प्लेंडरवर हात बसलेला कारागीर आरएक्स १०० ची काळी वायर करंटची समजून प्लसला जोडतो आणि फ्यूज उडतो. शिवाय वीस वर्षांत उन्हाने रंग उडतात. कपलरच्या आत, जिथे ऊन पोहोचत नाही, तिथे खरा रंग शिल्लक असतो. साबणाच्या पाण्याने पुसून पाहावा.

सांधा जोडताना दोन वायरी पिळून टेप गुंडाळणे ही तात्पुरती सोय आहे, घरी पोचण्यापुरती. कायमच्या कामाला चॅसीला बांधलेल्या, न हलणाऱ्या भागात डाग देऊन वर स्लीव्ह चढवावी. हँडलपाशी किंवा इंजिनाजवळ, जिथे सतत थरथर असते, तिथे दाबून बसवलेले थिंबल बरे. डागाच्या कथिलाने वायर कडक होते आणि कडक भाग संपतो तिथेच ती पुन्हा तुटते.

येझदी-राजदूतमध्ये ठिणगी सीडीआयऐवजी पॉइंटवर चालते, म्हणून त्या गाडीवाल्यांसाठी पॉइंटचे दोन शब्द. पॉइंटमधले अंतर साधारण ०.४ मिलिमीटर ठेवावे आणि पृष्ठभाग काळे-खरखरीत दिसू लागले तर फक्त घासून थांबू नये, कंडेन्सर बदलावा. गाडी थंड असताना उत्तम आणि तापल्यावर बंद, ही तक्रार बहुधा कंडेन्सरची नाहीतर कॉइलची असते. प्लगच्या टोपीतही लक्ष घालावे. तिच्यात हजारो ओहमचा रोध मुद्दाम बसवलेला असतो, कारण प्लगची ठिणगी रेडिओ लहरींचा गोंधळ दूरवर पसरवते. जुन्नर तालुक्यातल्या खोडदला ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेनांची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण उभी आहे, ती या भागातली रेडिओ शांतता पाहूनच. आकाशातून येणारे अत्यंत क्षीण संकेत ती टिपते. त्या तालुक्यात राहणाऱ्याने साधी बिनरोधाची टोपी बसवू नये, एवढे शेजारधर्माला धरून आहे.

हल्ली गाडी घेतल्या घेतल्या बाजारातले एलईडी लावण्याची लाट आहे. उजेडाची गरज मी मान्य करतो. या लेखाची सुरुवातच तिथून आहे. पण जुन्या स्प्लेंडरची बॅटरी २.५ अँपिअर-तासांची असते. तिच्यावर २० वॅटचा एलईडी थेट टाकला तर तो दीड अँपिअरहून जास्त प्रवाह ओढतो आणि चार्जिंग त्याला पुरे पडत नसेल तर तासा-दीड तासात बॅटरी बसते. मग हॉर्नही जातो. लावायचाच असेल तर आधी रेस देऊन बॅटरीवरचा आकडा बघावा. साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट मिळत नसतील तर आधी चार्जिंग दुरुस्त करावे. एलईडीची जोडणी रिले आणि स्वतंत्र फ्यूज घालूनच करावी, हॉर्नच्या वायरीला टाचणी टोचून नव्हे.

वायरिंगची संपूर्ण नवी किट घालावी का, हा प्रश्न नेहमी येतो. आवरण बोटाने वाकवल्यावर तडकत असेल किंवा गोठ्यात उभ्या गाडीत उंदरांनी दोन-तीन ठिकाणी कुरतडले असेल, तर किट घालावीच. एरवी जुन्या मूळ वायरीचे तांबे बाजारातल्या स्वस्त किटपेक्षा जाड असते, ते टाकून देऊ नये. किट घातली किंवा एखादी वायर वेगळ्या रंगाची ओढली, तर कोणती वायर कुठून कुठे गेली हे एका कागदावर काढावे, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सीटखाली ठेवावे. पुढच्या वेळी गाडी ओतूरला बंद पडेल किंवा घोडेगावला. तिथला मेकॅनिक तो कागद बघून दहा मिनिटांत कामाला लागेल.