आज रात्री तो ‘हो’ म्हणाला, तर?

डॅलसच्या उत्तरेला फ्रिस्कोत माझी मावसबहीण राहते. तिच्या समोरच्या घरापुढे जूनमध्ये एका कॉलेजच्या रंगातला फलक रोवलेला होता. त्यावर त्या घरातल्या मुलाचं नाव, खाली त्याच्या जर्सीचा नंबर. ऑक्टोबरमध्ये फलक दिसला नाही. ‘‘तिकडचं फिसकटलं,’’ बहीण हळू आवाजात म्हणाली, एखाद्या घरातलं ठरलेलं लग्न मोडल्याचं सांगावं तसं. सतरा वर्षांच्या मुलाचं असं काय फिसकटलं, ते मला समजून घ्यायचं होतं. म्हणून त्याच्या आईची आणि शाळेची परवानगी घेऊन मी त्याच्या कोचकडे गेलो.

हे कोच सकाळी भूमिती शिकवतात. दुपारनंतर त्यांचं काम एकच, शाळेच्या फुटबॉल संघातल्या मुलांना कॉलेजात जागा मिळवून देणं. हा फुटबॉल अर्थातच हेल्मेट आणि पॅड घालून खेळायचा, अमेरिकेचा. त्यांची खोली लॉकररूमला लागून आहे. कृत्रिम हिरवळीत पसरलेले रबराचे काळे कण मुलांच्या बुटांतून आत येतात, आणि तापलेल्या रबराचा उग्र दर्प त्या खोलीत कायम असतो. भिंतीवरच्या फळ्यावर बारावीच्या मुलांची नावं, प्रत्येकापुढे दोन आकडे. समोरच्या घरातल्या मुलापुढे लिहिलं होतं : १९ आणि ४.

‘‘एकोणीस ऑफर,’’ कोच म्हणाले. ‘‘त्यातल्या चार खऱ्या.’’

मग बाकीच्या पंधरा काय होत्या? कॉलेजचा कोच फोन करतो, ‘आमची तुला ऑफर आहे’ म्हणतो, मुलगा ती फोनवरून जगाला सांगतो, घरात आनंद होतो. पण कॉलेजला एका वर्षी लागतात साधारण पंचवीसएक मुलं, आणि अशा तोंडी ऑफर वाटल्या जातात शेकड्यांनी. पहिल्या पसंतीचा मुलगा दुसरीकडे गेलाच, तर हाताशी कुणीतरी असावं म्हणून. लेखी ऑफर बारावीच्या वर्षातल्या १ ऑगस्टच्या आधी देताच येत नाही, तसा नियमच आहे. तोवर सगळा व्यवहार तोंडी. मुलाचा होकारही तोंडीच. त्याने ‘कमिट’ केलं म्हणजे कागदावर काहीच झालेलं नसतं. दोघांपैकी कुणीही, केव्हाही मागे फिरू शकतं.

फिरण्याची उदाहरणं इथल्या प्रत्येक घराला तोंडपाठ आहेत. ट्रॅव्हिस हंटर २०२० पासून फ्लोरिडा स्टेटचा म्हणून ओळखला जायचा. डिसेंबर २०२१ मध्ये, कॉलेजच्या कागदांवर सही करायच्या दिवशी, त्याने जॅक्सन स्टेटचं नाव घेतलं आणि देशभर गहजब झाला. पुढे कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूची २०२४ ची हाइझमन ट्रॉफी त्याने कोलोरॅडोकडून खेळताना मिळवली. उलट्या बाजूचं उदाहरण डेलावेअरच्या डेव्हिड सिल्सचं. २०१० मध्ये तो जेमतेम तेरा वर्षांचा, सातवीतला. सदर्न कॅलिफोर्नियाचे तेव्हाचे कोच लेन किफिन यांनी त्याला ऑफर दिली, त्याने हो म्हटलं. २०१३ मध्ये किफिनना हंगामाच्या मध्येच काढलं. शब्द देणारा माणूसच गेल्यावर शब्द कुणाकडे मागायचा? सिल्स अखेर वेस्ट व्हर्जिनियात गेला, क्वार्टरबॅक होता तो रिसीव्हर झाला आणि २०१७ च्या हंगामात त्याने १८ टचडाउन झेल घेतले. त्याचं भलं झालं ते त्याच्या कष्टांनी. आणि किफिन? २०२५ च्या ३० नोव्हेंबरला ते मिसिसिपी विद्यापीठ सोडून लुइझियाना स्टेटला गेले. मुलांच्या सह्यांचा बुधवार तीन दिवसांवर होता.

या सगळ्यात मला सर्वांत जास्त खुपलं ते असं : कॉलेजच्या खेळांचं नियमन करणाऱ्या एनसीएएच्या नियमांप्रमाणे, सही होईपर्यंत कॉलेजच्या कोचने एखाद्या मुलाबद्दल जाहीरपणे बोलायचं नाही. हेतू चांगला असेल. परिणाम असा की मुलाचा शब्द गावभर असतो आणि कॉलेजचा शब्द कुठेच नसतो. मुलगा फिरला तर ती बातमी होते, अनोळखी मोठी माणसं त्याला शिव्या घालतात. कॉलेज फिरलं तर फक्त फोन येणं थांबतं.

समोरच्या मुलाचं हेच झालं. तो लाइनमन आहे, म्हणजे चेंडू हातात न घेता दुसऱ्याची वाट मोकळी करून देणारा. जूनमध्ये त्याने चारांतल्या एका कॉलेजला हो म्हटलं आणि उरलेल्या तिघांना स्वतः फोन करून नकार कळवला. तसं करायला कोचनीच शिकवलं होतं. सप्टेंबरात कॉलेजचे फोन कमी झाले. ऑक्टोबरात एका सहायकाने ‘आमची गरज बदलली आहे’ असं सांगितलं. दुसऱ्या कॉलेजातून आलेले एकवीस-बावीस वर्षांचे तयार खेळाडू त्यांना घ्यायचे होते. संघात आता १०५ जणांचीच मर्यादा. वाढत्या वयाच्या मुलासाठी दोन वर्षं थांबायला कुणाला सवड आहे?

फळ्यावरचा ४ पुसून कोचनी ० लिहिला. मग ते एकेका कॉलेजला फोन करायला बसले. मी समोर होतो.

‘‘आज रात्री तो ‘हो’ म्हणाला, तर तुम्ही घ्याल?’’

पलीकडून खूप काही बोललं गेलं. मुलगा फार आवडतो, घरचे संस्कार दिसतात, पायांची चाल सुरेख आहे.

‘‘ते मी विचारलं नाही,’’ कोच म्हणाले. ‘‘आज रात्री तो ‘हो’ म्हणाला, तर घ्याल?’’

‘‘उद्या कळवतो.’’

कोचनी फोन ठेवला, यादीत पुढचा नंबर शोधला आणि तोच प्रश्न विचारला. त्याच स्वरात, न चिडता. मुलांचे व्हिडिओ कापून पाठवणं, गुणपत्रिका जुळवणं, जूनच्या कॅम्पांची वेळापत्रकं आखणं ही कामं ते करतातच. पण मला आठवत राहतो तो हा प्रश्न. कोट्यवधी डॉलरची उलाढाल असलेल्या विद्यापीठांना हो की नाही एवढं सांगायला लावणारा हा एक शाळामास्तर, आणि त्या मुलांच्या बाजूने बोलणारं दुसरं कुणी मला तिथे दिसलं नाही. मधेच मुलगा दारात आला. ‘‘काही कळलं, सर?’’ ‘‘अजून नाही. जेवलास का?’’ ‘‘येस, सर.’’ तो सरावाला गेला.

नोव्हेंबरात ० चा १ झाला. लहान कॉलेज, शेजारच्या राज्यातलं.

आता राहिली सही. मुलं ज्यावर सही करायची ते, १९६४ पासून चालत आलेलं ‘लेटर ऑफ इंटेंट’ २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये रद्द झालं. आता मुलं थेट आर्थिक मदतीच्या करारावर सही करतात. डिसेंबरच्या पहिल्या बुधवारी शाळेच्या जिममध्ये टेबलं मांडली, कॉलेजांच्या टोप्या ठेवल्या, बँड आला. हा मुलगा तिथे बसला नाही. त्याच्या आईने आदल्या रात्री करार ओळ न् ओळ वाचला होता. मदत एका वर्षाची होती, दर वर्षी नव्याने ठरणारी. फोनवर मात्र तिला ‘चारही वर्षं आमच्याकडेच’ असं सांगितलं गेलं होतं.

‘‘मग चार लिहा,’’ तिने कॉलेजला कळवलं. ‘‘एकाहून जास्त वर्षांचं लिहून द्यायला नियम आड येत नाही, मी विचारलंय.’’

कोच घाबरले होते, हे मला दिसत होतं. फळ्यावर उरलेला तो एकच आकडा होता. तरी त्यांनी तिला थांबवलं नाही. गुरुवारी कॉलेजचा फोन आलाच नाही. शुक्रवारी, मुदतीच्या शेवटच्या दिवशी, दुपारी नवा करार आला. त्यात दोन वर्षं लिहिलेली होती. आईने तोही पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला आणि मग मुलाच्या हातात पेन दिलं.