बैल गेला; झोपा तरी करणार का?

दि. ४ एप्रिल २०२५ रोजी सकाळी नांदेड जिल्ह्यातील आलेगाव शिवारात शेतमजूर महिलांना कामावर घेऊन निघालेला एक ट्रॅक्टर ट्रॉलीसह विहिरीत कोसळला आणि सात महिला प्राणांस मुकल्या. हिंगोली जिल्ह्यातील गुंज गावाहून त्या पोटासाठी निघाल्या होत्या. त्यापूर्वी १ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तर प्रदेशातील घाटमपूरजवळ देवदर्शनाहून परतणाऱ्या यात्रेकरूंची ट्रॉली तळ्यात उलटून पंचविसाहून अधिक माणसे गेली. २४ फेब्रुवारी २०२४ रोजी, माघी पौर्णिमेच्या दिवशी, कासगंज येथे गंगास्नानाला निघालेल्यांची तीच गत झाली. तेथेही मृतांचा आकडा विसाच्या वर गेला.

अशा बातम्या वृत्तपत्राच्या पानावर दोन दिवस राहतात. मंत्रिमहोदय शोक व्यक्त करतात, भरपाईची रक्कम जाहीर होते आणि ‘चालकाचा ताबा सुटल्याने’ हे तीन शब्द पंचनाम्यात उमटले की प्रकरण मिटते. ताबा का सुटला, किंबहुना तो मुळात होता काय, हे विचारण्याचे कष्ट कोणी घेत नाही. शिवाय बातमी होते ती सात किंवा पंचवीस माणसे गेल्यावर. स्वतःच्याच कुळागरात, भाटात वा मेरेवर चिऱ्यांनी, खताने वा नारळांनी भरलेली ट्रॉली हलवताना एकटाच दगावलेला शेतकरी गावाच्या वेशीबाहेर कोणाला कळत नाही. आम्ही आज लिहीत आहो ते त्या एकट्यासाठी.

ट्रॅक्टर आपल्या शेतीत आला तो बैलाच्या जागी. बैल गेला, जू गेले, आणि त्याबरोबर गाडीवानाची जाणही गेली. आपल्या भाषेने मात्र ती जाण दोन शब्दांत जपून ठेवली आहे. गाडी मागच्या बाजूला जड झाली तर ती ‘उलाळ’ आणि पुढे जड झाली तर ‘धुरजड’. उलाळ गाडीचे जू वर उचलले जाते व बैलांच्या गळ्याला फास बसतो. फार धुरजड गाडी बैलांच्या मानेवर बसून त्यांची खांदे सोलते. म्हणून दोन चाकांची गाडी भरणारा माणूस ओझे आसाच्या किंचित पुढे ठेवी; थोडी धुरजड चालेल, पण उलाळ नको, हा त्याचा नियम. चढणीला गाडी आपोआप मागे जड होते म्हणून तो स्वतः पुढे सरके आणि उताराला मागे बसे. हे शास्त्र त्याला कोणत्याही विद्यालयाने शिकवलेले नव्हते. ते त्याला बैलाने शिकवले होते. ओझे चुकले तर बैल मान टाकी, चढण पेलवेना तर थांबे, पुढे खड्डा दिसला तर अडे. बैल हा नुसता ओढणारा प्राणी नव्हता. तो पदोपदी इशारा देणारा सोबती होता.

ट्रॅक्टर इशारा देत नाही. सांगाल ते तो करतो, आणि जे करू नये तेही करतो. त्याच्या बळाला जाण नाही. ती चालवणाऱ्याने आणायची असते. हा धडा जगाने माणसांचे मोल देऊन शिकला आहे. १९१७ साली अमेरिकेत फोर्डसन या स्वस्त ट्रॅक्टरचे उत्पादन सुरू झाले आणि थोड्याच वर्षांत त्याची एक दुष्कीर्ती पसरली. नांगर जमिनीतल्या दगडाला वा मुळाला अडकला की ट्रॅक्टरची पुढची चाके उचलली जात आणि तो मागे उलटून चालकाच्या अंगावर पडे. आयर्लंडच्या डाउन परगण्यात जन्मलेल्या हॅरी फर्ग्युसनने या व्याधीच्या मुळाशी हात घातला. अवजार मागे लोंबकळत न ठेवता तीन ठिकाणी ट्रॅक्टरशी जोडून त्याचा भार ट्रॅक्टरच्याच मागच्या चाकांवर यावा, अशी जोडणी त्याने तयार केली. १९४६ साली कॉव्हेंट्रीत तयार होऊ लागलेला त्याचा लहानसा करड्या रंगाचा ट्रॅक्टर याच तत्त्वावर चालला, आणि आज आपल्याकडचा जवळजवळ प्रत्येक ट्रॅक्टर तीच जोडणी वागवतो. मौजेची गोष्ट अशी की फर्ग्युसनने आपल्या ट्रेलरचा आस मुद्दाम मागे सरकवला होता. ओझ्याचा काही हिस्सा ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवर यावा आणि त्यांची जमिनीवरील पकड वाढावी, हा त्यात हेतू. आपला गाडीवान याला ‘थोडी धुरजड’ म्हणाला असता.

ट्रॅक्टर मागे का उलटतो, हे एकदा समजून घेतले पाहिजे. इंजिन मागच्या आसाला फिरवते आणि चाके पुढे जातात. परंतु चाके चिखलात रुतली, किंवा मागचे ओझे हलेनासे झाले, तर आसाला पुढे फिरता येत नाही. मग त्याच बळाने ट्रॅक्टरचे धूड आसाभोवती मागे फिरू लागते. पुढची चाके उचलली गेल्यापासून सुमारे पाऊण सेकंदात परतीची वेळ टळते आणि दीड सेकंदात ट्रॅक्टर पालथा होतो. क्लच दाबावा हे सुचून पाय हलेपर्यंत सारे संपलेले असते. यावर उपाय एकच, आणि त्याला पैसा लागत नाही: ओढ नेहमी खालून घ्यावी. ट्रॅक्टरच्या मागे, आसाच्या पातळीखाली, ओढण्यासाठी दिलेला दांडा असतो. साखळी वा ट्रॉली त्यालाच जोडली तर पुढची बाजू उचलली जाताच तो दांडा खाली जातो, ओढीचा जोर कमी होतो आणि ट्रॅक्टर पुन्हा टेकण्याचा संभव असतो. तीच साखळी आसाला गुंडाळली, किंवा वरच्या जोडणीत अडकवली, तर ती ट्रॅक्टरला मागे खेचण्याच्या कामी मदतच करते. पावसाळ्यात रुतलेली ट्रॉली काढताना घाईघाईने साखळी ‘मिळेल तेथे’ बांधण्याची जी रीत आपल्याकडे दिसते, ती आत्मघाताची रीत आहे. रुतलेली ट्रॉली आधी रिकामी करावी, चाकापुढची माती खणावी, फळ्या घालाव्या, आणि मग हळू ओढावी. अर्धा दिवस गेला तर जाऊ द्यावा.

चढणीपेक्षाही आपल्या प्रांताला उताराचे भय अधिक. देशावरचे सपाट शिवार आणि आपला डोंगरउतार यांत अंतर आहे. वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या जांभ्याच्या लाल वाटा पहिल्या सरीतच तुळतुळीत होतात. चाळीस अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरचे स्वतःचे वजन दोन टनांच्या आसपास; मागे पाच-सहा टनांची ट्रॉली. सपाटीवर तो ती सहज ओढतो, आणि येथेच मालकाची फसगत होते. ओढता येते म्हणजे आवरता येते, असे त्याला वाटते. बहुतेक ट्रॅक्टरांना ब्रेक असतात ते केवळ मागच्या चाकांना, आणि ट्रॉलीला तर बहुधा मुळीच नसतात. उतारावर ट्रॉली ट्रॅक्टरला ढकलू लागते आणि वळणावर त्याला बगल देऊन त्याच्याच कुशीत शिरते. डिझेल वाचवण्यासाठी गिअर सोडून उतरणारे शहाणे आपल्याकडे कमी नाहीत. ज्या गिअरमध्ये चढण चढलो असतो त्याच गिअरमध्ये उतरावे, आणि तो उताराच्या माथ्यावरच निवडावा, मध्यावर नव्हे. आणखी एक बारीक परंतु जिवावरची बाब. शेतात जागच्या जागी वळता यावे म्हणून ट्रॅक्टरला डाव्या-उजव्या चाकांचे ब्रेक वेगळे असतात. शेताबाहेर पडताना ते दोन्ही पट्टीने एकत्र जोडायचे असतात. ती पट्टी मोकळी राहिली आणि घाईत पाय एकाच ब्रेकवर पडला, तर भरली ट्रॉली मागे असताना ट्रॅक्टर गर्रकन फिरतो. पंचनाम्यात मग ‘ताबा सुटल्याने’ असे लिहिले जाते.

आपल्या लहान तुकड्यांच्या शेतीत पॉवर टिलर पुष्कळ आहेत आणि त्यांना छोटी ट्रॉली जोडून माल नेण्याची सोयही सर्रास वापरली जाते. या यंत्राचा एक स्वभाव चालवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असायला हवा. सपाटीवर डाव्या मुठीचा क्लच दाबला की डाव्या चाकाची गती तुटते आणि यंत्र डावीकडे वळते. उतारावर मात्र ट्रॉली मागून ढकलत असते व इंजिन चाकांना आवरून धरीत असते. अशा वेळी डावा क्लच दाबला तर डावे चाक मोकळे होऊन अधिक वेगाने पळते आणि यंत्र उजवीकडे जाते. डावीकडे दरड आणि उजवीकडे ओहोळ असताना हा उलटा न्याय कळला नाही, तर काय होईल हे सांगायला नको. कसबी माणसे उतारावर क्लचला हात न लावता दांडी अंगाच्या जोराने वळवतात. नवख्याला हे कोण सांगतो?

ट्रॉली जोडणे आणि सोडणे हे तर मुलांचे काम समजले जाते, आणि अक्षरशः मुलांकडूनच करवून घेतले जाते. ट्रॅक्टर मागे येत असताना पिन हातात धरून मध्ये उभा राहिलेला मुलगा हे दृश्य आपण सर्वांनी पाहिले आहे. चालकाचा पाय इंचभर चुकला तर त्या मुलाला निसटायला जागा नसते. ट्रॅक्टर पूर्ण थांबल्याखेरीज मध्ये कोणी शिरू नये, आणि चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावल्याखेरीज पिन काढू नये. येथे पुन्हा तो जुना शब्द आठवावा. दोन चाकांच्या ट्रॉलीतले चिरे पुढून उतरवत नेले तर मागे राहिलेल्या ओझ्याने ती उलाळ होते, आणि त्या स्थितीत पिन काढताच तिचा लोखंडी दांडा वर उसळतो. बैलाच्या गळ्याला जो फास बसे तो आता माणसाच्या हनुवटीवर बसतो. गाडी मागून उतरवावी, हे आजोबा सांगत होते. आपण मधल्या मध्ये विसरलो.

आणि शेवटी ती विहीर. विहीर, चर, ओहोळ, खाजनाचा बांध, यांच्या काठापासून निदान तेवढ्या अंतरावर ट्रॅक्टर ठेवावा, जेवढा तो खड्डा खोल असेल, असा एक ढोबळ नियम आहे. काठाची माती वरून घट्ट दिसते. आतून ती पाण्याने खाल्लेली असते. माणसाचे वजन पेलणारा काठ भरल्या ट्रॉलीचे पेलेलच असे नाही. बैल अशा काठाकडे वळत नसे. यंत्राला काठ दिसत नाही, आणि मालवाहू ट्रॉलीत बसवलेल्या माणसांना उडी मारण्याचीही सवड मिळत नाही. ट्रॉली ही मालासाठी आहे, माणसांसाठी नव्हे. परंतु मजुराला कामावर आणण्याची दुसरी सोय न देता केवळ नियम सांगणे हे आम्हांस दांभिकपणाचे वाटते. सात महिला हौसेने ट्रॉलीत बसल्या नव्हत्या.

तेव्हा करायचे काय? सरकार ट्रॅक्टरच्या खरेदीला अनुदान देते; चांगले आहे. २०१४-१५ पासून कृषी यांत्रिकीकरणाची केंद्रीय योजनाही आहे. ट्रॅक्टर प्रशिक्षण व परीक्षणाचे केंद्र मध्य प्रदेशातील बुदनी येथे १९५५ पासून आहे. पुढे हिसार, गारलदिन्ने आणि विश्वनाथ चारियाली येथे अशी केंद्रे झाली. या चारांपैकी एकही आपल्या किनाऱ्यावर नाही. आमचा कुळागरवाला हिसारला जाऊन उतारावरची ट्रॉली शिकणार काय? विभागीय कृषी कार्यालयांनी पावसाळ्यापूर्वी प्रत्येक तालुक्यात दोन दिवसांचे वर्ग घ्यावेत, तेही सपाट मैदानात नव्हे, प्रत्यक्ष डोंगरउतारावर आणि भरलेल्या ट्रॉलीसह. अनुदानाची रक्कम हाती पडण्यापूर्वी हा वर्ग सक्तीचा असावा. ट्रॉलीला ब्रेक असल्याखेरीज तिला अनुदान मिळू नये. उघड्या विहिरींना कठडा बांधण्याचे काम पंचायतींनी हाती घ्यावे. त्याला परदेशी तज्ज्ञांची गरज नाही.

स्वीडनने १९५९ साली नव्या ट्रॅक्टरवर चालकाभोवती भक्कम पोलादी चौकट सक्तीची केली आणि पुढच्या तीन दशकांत ट्रॅक्टर उलटून होणारे मृत्यू तेथे जवळजवळ नाहीसे झाले. ट्रॅक्टर उलटायचे थांबले नाहीत. माणसे मरायची थांबली, कारण चौकटीने चालकाला खाली चिरडू दिले नाही. आपल्या बहुसंख्य ट्रॅक्टरांवर दिसते ते उन्हासाठी लावलेले पत्र्याचे छप्पर आणि त्याखाली कर्णकर्कश गाणी लावणारे कर्णे. कर्ण्यांना पैसा मिळतो, चौकटीला मिळत नाही, ही निव्वळ गरिबी नव्हे.

‘बैल गेला आणि झोपा केला’ असे आपण उशिरा जागे होणाऱ्याला हिणवून म्हणतो. आमची आजची अवस्था त्याहून वाईट आहे. बैल केव्हाच गेला, त्याच्या जागी चाळीस बैलांचे बळ असलेले यंत्र आले, ते माणसे मारू लागले, तरी झोप्याचे दार अजून लागलेले नाही. यंत्राला दोष देण्यात अर्थ नाही, आणि जुन्या गाडीचे गोडवे गाऊन ती परत येणारही नाही. परत आणायचे आहे ते ओझ्याचे भान. उद्या सकाळी ट्रॅक्टर सुरू करण्यापूर्वी मालकाने खाली उतरून एकदा ट्रॉलीभोवती फिरावे, साखळी कोठे बांधली आहे ते पाहावे, दोन ब्रेकांची पट्टी लावावी, आणि ट्रॉलीत बसलेल्यांना उतरवावे. पाच मिनिटे जातील. बैल जुंपायलाही तेवढीच लागत होती.