व्यवस्थापनातील डॉक्टरेट : नोकरदाराने मांडावयाचा हिशेब

दिवसभर कचेरीत काम करावयाचे आणि रात्री पुस्तक उघडावयाचे, ही गिरगावातील नोकरदाराची जुनी रीत आहे. दीड खोलीच्या बिऱ्हाडात जागा नसली तर चाळीच्या सामाईक गॅलरीतील दिवा उपयोगी पडे. मुंबई विद्यापीठाने १९७१ साली टपालाद्वारे शिक्षणाची सोय सुरू केली आणि १९८९ साली नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. त्यामुळे नोकरी न सोडता पदवी व पदव्युत्तर पदवी मिळविणे पुष्कळांना शक्य झाले. याच मार्गाने पुढे जाऊन व्यवस्थापनशास्त्रातील डॉक्टरेटही घरबसल्या मिळवावी, असा विचार अनेकांच्या मनात येतो. मात्र त्यासाठी पैसे भरण्यापूर्वी कायद्याची स्थिती नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ च्या विनियमांद्वारे दूरशिक्षण पद्धतीने पीएच.डी. देण्यास मनाई केली. २०१६ मध्ये ती कायम राहिली आणि ७ नोव्हेंबर २०२२ रोजी अधिसूचित झालेल्या विनियमांत दूरशिक्षणाबरोबर ऑनलाईन पद्धतीचाही स्पष्ट उल्लेख करण्यात आला. पदवी व पदव्युत्तर पातळीवर मान्यताप्राप्त दूरशिक्षणाची पदवी नेहमीच्या पदवीशी समकक्ष मानली जाते; पीएच.डी.ला ही सवलत नाही. परदेशी विद्यापीठांच्या सहयोगाने खासगी शिक्षण कंपन्या ज्या ऑनलाईन पीएच.डी.ची जाहिरात करतात, त्या पदव्यांना मान्यता नाही, असा इशारा आयोग व अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषद यांनी ऑक्टोबर २०२२ मध्ये संयुक्तपणे दिला. अशा ठिकाणी शुल्क कितीही कमी असले, हप्त्यांची सोय कितीही आकर्षक असली, तरी तो खर्च महागच ठरतो. कारण भारतातील अध्यापकपदासाठी त्या पदवीचा उपयोग होत नाही.

अंशकालीन मार्ग

मग नोकरदाराने करावे काय? त्याच्यासाठी अंशकालीन पीएच.डी.चा मार्ग खुला आहे. त्यासाठी मालकाचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. उमेदवाराला संशोधनासाठी पुरेसा वेळ मिळेल आणि गरज पडल्यास अभ्यासक्रम पूर्ण करण्यासाठी त्याला कामातून मोकळे केले जाईल, हे त्यात नमूद असावे लागते. खासगी कंपनीत हे पत्र मिळविणे हीच कित्येकदा पहिली कसोटी असते. वरिष्ठांनी तोंडी दिलेला होकार येथे पुरत नाही.

किमान मुदत अभ्यासक्रमासह ३ वर्षे, कमाल ६ वर्षे. त्यानंतर पुनर्नोंदणी करून आणखी २ वर्षे मिळू शकतात. महिला उमेदवारांना तसेच ४० टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्यांना यावर २ वर्षांची जादा सवलत आहे. अभ्यासक्रम किमान १२ श्रेयांकांचा असतो आणि प्रत्येक सत्रात संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगती मांडावी लागते. म्हणजे प्रत्यक्ष उपस्थिती टाळता येत नाही, आणि म्हणूनच संस्था घरापासून किती लांब आहे, हा प्रश्न शुल्काइतकाच महत्त्वाचा ठरतो. या बाबतीत गिरगावकर भाग्यवान म्हणावयाचे. मुंबई विद्यापीठाची जमनालाल बजाज व्यवस्थापन अभ्यास संस्था १९६५ पासून चर्चगेट येथे आहे आणि चर्नी रोडहून चर्चगेट हे दुसरेच स्थानक. ऑक्टोबर २०२५ मध्ये आरे ते कफ परेड हा भुयारी मेट्रो मार्ग पूर्ण खुला झाल्यापासून गिरगावात मेट्रोचेही स्थानक झाले आहे. हीच व्यक्ती एखाद्या दूरच्या राज्यातील विद्यापीठात नाव नोंदविते, तेव्हा प्रत्येक सत्रातील रेल्वेभाडे, राहण्याचा खर्च आणि खर्ची पडणारी रजा यांची बेरीज शुल्काच्या पुढे जाऊ शकते.

वेळेची किंमत

खर्चाचा सर्वांत मोठा भाग पावतीवर कधीच येत नाही. समजा, एखाद्या नोकरदाराने आठवड्याला १५ तास, वर्षातील ४८ आठवडे, याप्रमाणे ५ वर्षे काम केले. एकूण ३,६०० तास होतात. आठ तासांचा एक दिवस धरला तर हे ४५० पूर्ण कामाचे दिवस होत. तासाची किंमत २०० रुपये एवढीच मानली, तरी ७ लाख २० हजार रुपयांचा वेळ खर्ची पडतो. शुल्क, प्रवास, प्रश्नावल्यांची छपाई, टंकलेखन, बांधणी असे मिळून ३ लाख रुपये धरले, तर एकूण आकडा १० लाख २० हजारांवर जातो. (आकडेवारीच्या पृथक्करणासाठी महागडी संगणक-प्रणाली घेण्याचे कारण नाही, ‘आर’ ही प्रणाली विनामूल्य मिळते.)

आता वयाचा विचार करू. अडतिसाव्या वर्षी नाव नोंदविलेल्या व्यक्तीला त्रेचाळिसाव्या वर्षी पदवी मिळाली आणि निवृत्ती ५८ व्या वर्षी असली, तर खर्च भरून काढण्यास १५ वर्षे मिळतात. वर्षाला ६८ हजार, म्हणजे महिन्याला सुमारे ५,७०० रुपयांची निव्वळ वाढ झाली तरी हिशेब जुळतो. तीच नोंदणी अठ्ठेचाळिसाव्या वर्षी केली तर हाती ५ वर्षे उरतात आणि महिन्याला १७ हजारांची वाढ लागते. हे आकडे केवळ नमुन्यादाखल आहेत. प्रत्येकाने त्यांत आपले आकडे घालून पाहावेत. ज्ञानाच्या ओढीने संशोधन करणाऱ्याला हा हिशेब लागू नाही, हे खरेच. पण कर्ज काढून शुल्क भरणाऱ्याने तो टाळू नये.

ही वाढ मिळते कोठे? महाविद्यालयीन अध्यापनात तिचे स्वरूप निश्चित आहे: सहयोगी प्राध्यापक आणि त्यापुढील पदांसाठी पीएच.डी. आवश्यक असते. सहायक प्राध्यापकपदासाठी ती सक्तीची करण्याचा बेत होता, पण जून २०२३ अखेरच्या दुरुस्तीनंतर नेट किंवा सेट उत्तीर्ण होणे ही किमान अट राहिली. ज्याला केवळ अध्यापनात प्रवेश हवा आहे, त्याने प्रथम या परीक्षेचा विचार केलेला बरा. तिचा खर्च पीएच.डी.च्या मानाने नगण्य आहे. जून २०२४ च्या परीक्षेपासून नेटचे गुण पीएच.डी. प्रवेशासाठीही धरले जाऊ लागले, तेव्हा हे श्रम वाया जात नाहीत. कारखाने, बँका, व्यापारी पेढ्या यांत मात्र डॉक्टरेटमुळे पगार वाढतोच असे नाही. पदोन्नतीचे नियम वाचून किंवा कर्मचारी विभागाकडे लेखी विचारणा करून हे आधीच पाहता येते.

विद्यापीठाची पारख हाही हिशेबाचाच भाग आहे. जानेवारी २०२५ मध्ये आयोगाने राजस्थानातील तीन खासगी विद्यापीठांना, पीएच.डी.च्या नियमांचे पालन न झाल्याच्या कारणावरून, ५ वर्षे नवे पीएच.डी. प्रवेश देण्यास मनाई केली. तेव्हा विद्यापीठ आयोगाच्या यादीत आहे, एवढ्यावर समाधान मानू नये. मार्गदर्शकाकडे एका वेळी किती विद्यार्थी आहेत, हे विचारावे. प्राध्यापकाला ८, सहयोगी प्राध्यापकाला ६ आणि सहायक प्राध्यापकाला ४ अशी मर्यादा आहे. ‘शोधगंगा’ या राष्ट्रीय प्रबंध-भांडारात त्या मार्गदर्शकाच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध विनामूल्य वाचावयास मिळतात. नोंदणी आणि सादरीकरण यांत किती वर्षे गेली, विषय कोणते होते, कामाचा दर्जा कसा आहे, हे दोन-तीन रविवार खर्च केल्यास ध्यानात येते, आणि तोवर एक रुपयाही भरलेला नसतो.