भोजनगृहातील संगमरवरी फडताळ

'बुफे' हा शब्द आज मराठी माणसाला परका राहिलेला नाही. लग्नसमारंभात हाती ताटली घेऊन उभ्याउभ्याने जेवण्याच्या पद्धतीला हे नाव मिळाले असून पंगतीचे अभिमानी तिच्याकडे अजूनही काहीशा नाराजीनेच पाहतात. परंतु फ्रेंच भाषेत हा शब्द लाकडी सामानाचाही आहे. भोजनगृहाच्या भिंतीशी उभे असलेले, खाली कप्पे व खण आणि वर पदार्थ मांडावयास सपाट माथा असलेले जे बसके फडताळ, ते बुफे. इंग्रजांच्या घरात त्यालाच 'साइडबोर्ड' म्हणत. अशा फडताळाचा माथा जेव्हा संगमरवरी असतो आणि लाकूड जुन्या सागवानाचे किंवा शिसवीचे असते, तेव्हा ते दिसायला देखणे आणि घ्यायला अवघड होऊन बसते. बेंगळुरूसारख्या शहरात नवे घर थाटणाऱ्यांना अशा वस्तूचा मोह वारंवार पडतो. तो मोह वाईट नव्हे. मात्र तो डोळसपणे पुरवावा लागतो.

ही वस्तू बेंगळुरूतच इतकी का आढळते, हे प्रथम पाहणे उद्बोधक होईल. या शहराचे मराठी माणसाशी नाते शहाजीराजांच्या जहागिरीपासूनचे आहे. पण या फडताळांचा इतिहास त्यानंतर फार उशिरा सुरू होतो. १७९९ साली श्रीरंगपट्टण पडले. तेथील हवा गोऱ्या फौजेस मानवेना, म्हणून १८०९ साली बेंगळुरूस छावणी वसविण्यात आली. समुद्रसपाटीपासून सुमारे तीन हजार फूट उंचीवरच्या या गावाची हवा इंग्रजांना आपल्या देशाची आठवण करून देणारी वाटली, आणि छावणीभोवती प्रशस्त आवारांचे बंगले उभे राहिले. बंगला आला की स्वतंत्र भोजनगृह आले, आणि भोजनगृह आले की त्यात फडताळही आले. १८६४ साली जोलारपेटमार्गे मद्रासशी रेल्वेने सांधा जुळला, तेव्हा बंदरावर उतरलेले जड सामान घाटावर चढविणे पूर्वीपेक्षा पुष्कळच सोपे झाले. त्याआधी संगमरवराची अखंड लादी बैलगाडीतून शेकडो मैल सुखरूप आणणे हे धाडसाचेच काम होते.

छावणीतील अधिकाऱ्याच्या पाठीशी बदली ही कायमची लागलेली असे. हुकूम आला की घोड्यापासून काट्याचमच्यापर्यंत सारे लिलावात निघे आणि नवा अधिकारी त्यातूनच आपला संसार मांडी. त्यामुळे एकच फडताळ अनेक घरांतून फिरले. १९४७ साली छावणीचा मुलूख म्हैसूर संस्थानाकडे परत आला. पुढील दशकांत बंगले पाडून त्या जागी बहुमजली इमारती उभ्या राहू लागल्या, आणि त्यांतील सामान बाजारात आले. सारेच सामान अखंड आले असे नव्हे. मोठे फडताळ लहान घरात मावत नाही. म्हणून कुठे लादी वेगळी विकली गेली, कुठे आरसा काढला गेला, तर कुठे जुन्या फळ्यांतून नवेच 'जुने' फडताळ जन्माला आले. घेणाऱ्याने पारख करावयाची ती याच कारणासाठी.

फडताळाचा माथा संगमरवरीच का केला, याचे उत्तर जेवणाच्या रीतीत सापडते. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात रॉबर्ट ॲडम या स्थापत्यकाराने भोजनगृहासाठी लांबट मेज आणि त्याच्या दोहो बाजूंस कपाटवजा चौथरे अशी रचना रूढ केली. पुढे मेज व चौथरे एकजीव होऊन आजचे फडताळ तयार झाले. एकोणिसाव्या शतकात युरोपात वाढण्याची पद्धतही बदलली. पूर्वी सर्व पदार्थ एकदमच मेजावर मांडीत; आता नोकराने ते एकामागून एक आणून वाढावे, अशी रशियन म्हणून ओळखली जाणारी पद्धत आली. आपल्या पंगतीतल्या वाढप्याशी तिचे साम्य कोणाच्याही ध्यानात येईल. साहजिकच कापणे, काढणे, ओतणे ही सारी कामे मेजावरून फडताळावर गेली. त्या काळच्या लाकडावर लाखेचे पॉलिश असे. लाख स्पिरिटमध्ये विरघळते; म्हणून मद्याचे थेंब तिला खातात आणि गरम भांड्याचा पांढरा वण तिच्यावर कायमचा उमटतो. दगडाला ही दोन्ही भये पुष्कळच कमी. शिवाय संगमरवर लाकडाच्या दहापटीहून अधिक वेगाने उष्णता वाहून नेतो. म्हणूनच तो हाताला गार लागतो आणि त्यावर ठेवलेले लोणी लवकर पाघळत नाही.

आता परीक्षेकडे वळू. फडताळ पाहावयास जाताना प्रकाशाचा एक चांगला दिवा, मोजपट्टी आणि दोन बळकट माणसे बरोबर असावीत. माणसे अशासाठी की, लादी उचलून पाहिल्याशिवाय खरेदी करूच नये. जुन्या कारागिरांनी लादी बहुधा खिळ्यांनी वा सरसाने जखडलेली नसते. ती स्वतःच्या भारानेच बसलेली असते. यात मोठे शहाणपण आहे. लाकूड पावसाळ्यात आडवे फुगते व उन्हाळ्यात आकसते. दगड तसे करीत नाही. दोघांना घट्ट बांधले तर एकाला तडा जाणे ठरलेले. लादी सुटी असेल तर लाकूड तिच्याखाली मुकाट्याने हलते. ज्या फडताळाची लादी सिमेंटने वा आधुनिक चिकट द्रव्याने पक्की केलेली दिसेल, तेथे अलीकडचा हात फिरला आहे असे समजून अधिक बारकाईने पाहावे.

लादी उचलल्यावर खालचे लाकूड पाहावे. ते पॉलिश न केलेले, कोरडे आणि सर्वत्र सारखे जुने दिसावयास हवे. त्यावर दुसऱ्याच आकाराच्या लादीची सावलीसारखी खूण दिसली, किंवा मूळच्या लाकडी माथ्याच्या खिळ्यांची भोके आढळली, तर दगड व लाकूड यांची गाठ मागाहून बांधली गेली आहे. अशी जोडी वापरास वाईट असते असे नाही. पण तिला अस्सल जोडीचे मोल देऊ नये. लादीचे कोपरे व कडांची गोलाई खालच्या कपाटाच्या आकाराशी जुळते का, आणि ती तिन्ही बाजूंनी सारखीच पुढे येते का, हेही पाहावे.

मग दगड. खऱ्या संगमरवराच्या शिरा वरच्या पृष्ठभागावरून कडेत उतरतात आणि खालच्या बाजूसही कुठे ना कुठे भेटतात. दगडाचा चुरा व राळ यांच्या मिश्रणाच्या लादीत ही सलगता नसते, आणि हाताला ती तितकी गारही लागत नाही. खालची बाजू खडबडीत असणे हे जुन्या लादीस शोभणारेच आहे. लिंबाच्या रसाचा एक थेंब खालच्या बाजूवर, दिसणार नाही अशा ठिकाणी टाकला तर खऱ्या संगमरवरावर बारीक बुडबुडे येतात, कारण तो मूलतः चुन्याचाच दगड आहे. हा प्रयोग वरच्या बाजूवर मात्र कदापि करू नये. तेथे कायमचा डाग पडेल. तडा शोधण्याची युक्ती सोपी आहे. ओल्या फडक्याने लादी पुसावी आणि ती सुकताना निरखावी. तड्याच्या रेषेत ओल सर्वांत शेवटपर्यंत टिकते. टिचकी मारल्यास धड लादी खणखणते. तडकलेली बद्द आवाज देते. दगड इटलीतील कॅराराचा की राजस्थानातील मकराण्याचा, याचा निर्णय नुसत्या डोळ्यांनी देणाऱ्या विक्रेत्यावर फार विसंबू नये.

लाकडाची साक्ष दर्शनी बाजूपेक्षा मागच्या बाजूस अधिक खरी मिळते. जुन्या सुताराने भिंतीकडील फळ्यांवर श्रम वाया घालविलेले नसतात. त्या जाड, ओबडधोबड व काळवंडलेल्या असतात. तेथे प्लायवूड दिसले तर पाठ तरी नवी आहे. खण बाहेर काढून त्याचे कोपरे पाहावेत. कबुतराच्या शेपटीसारखे पसरट दाते एकमेकांत गुंतवून हे सांधे केलेले असतात. हाताने कापलेले दाते थोडे लहानमोठे असतात, यंत्राने कापलेले अगदी एकसारखे. खण वर्षानुवर्षे ओढल्याने त्याच्या खालच्या कडा झिजलेल्या असतात; ही झीज जेथे हात लागतो, घर्षण होते, तेथेच असावयास हवी. सर्वत्र सारखेच ओरखडे व सारखाच काळेपणा असेल, तर ते वय नव्हे, वेशभूषा होय. स्क्रूच्या माथ्यावर अधिक चिन्हासारखी खाच असेल, तर तो स्क्रू १९३० नंतरच्या काळातला आहे. मग दुरुस्ती तरी तेव्हाची किंवा वस्तूच तेव्हाची.

किडीची भोके पाहून घाबरण्याचे कारण नाही; ती जिवंत आहेत की मेलेली, एवढेच ठरवावयाचे. भोकाच्या कडा स्वच्छ, आतला रंग उजळ आणि खाली ताजी भुकटी पडलेली असेल, तर कीड अजून घरात आहे. सागवानाचा गाभा वाळवीला सहसा दाद देत नाही, पण बाहेरचे फिकट लाकूड तितके चिवट नसते. म्हणून पायांची टोके व मागची तळफळी टोकदार वस्तूने हलकेच दाबून पाहावी.

वस्तू खरी ठरली तरी ती आपल्या घरासाठी खरी आहे का, हा प्रश्न उरतोच, आणि पुष्कळांचा पश्चात्ताप येथूनच सुरू होतो. पाच फूट लांब, वीस इंच रुंद व पाऊण इंच जाड अशी लादी घेतली, तर तिचे एकटीचे वजन सुमारे चाळीस किलो भरते. कपाट व आतली भांडी मिळून हा भार सहज दीड-दोनशे किलोंवर जातो. सुस्थितीतील पक्क्या इमारतीत तो भिंतीलगत ठेवण्यास सहसा अडचण नसते. अडचण येते ती जिन्याच्या वळणावर आणि लिफ्टच्या दारात. म्हणून फडताळाची मापे घेण्याआधी वाटेची मापे घ्यावीत. जेवणाच्या मेजापासून फडताळापर्यंत चार-साडेचार फूट मोकळे हवेत; तरच खुर्ची मागे सरली असतानाही वाढणाऱ्याला जाता येते. लादी नेहमी वेगळी काढून, काचेच्या तावदानाप्रमाणे उभी न्यावी. आडवी नेली तर ती स्वतःच्याच भाराने मधोमध मोडू शकते. कारण दगड दाब सोसतो, वाक सोसत नाही.

मराठी घरात या फडताळापुढे आणखी एक कसोटी उभी राहते, आणि ती इंग्रज कारागिराच्या स्वप्नातही नव्हती. चिंच, लिंबू, कोकम, ताक हे सारे आंबट पदार्थ संगमरवराची झिलई खातात. हळद आणि तेल त्याच्या सूक्ष्म छिद्रांत शिरतात. लोणच्याच्या बरणीच्या बुडाशी या साऱ्यांचा एकत्र मेळा भरलेला असतो. अशी बरणी लादीवर महिनाभर विसावली की तिचे वर्तुळ घराण्याच्या पुढच्या पिढीलाही दिसेल. उपाय अवघड नाहीत. बरण्यांखाली ताटली, गरम भांड्याखाली जाळी, सांडलेले तत्काळ टिपणे, आणि सौम्य साबणाच्या पाण्याने पुसून लगेच कोरडे करणे, एवढे पुरते. हळदीचा डाग उन्हाने बराच फिका होतो. पण आंबटाने गेलेली झिलई केवळ पुसून परत येत नाही, ती पुन्हा घोटूनच आणावी लागते. ज्या घरात एवढी दक्षता रोज शक्य नाही, त्या घराने लाकडी माथ्याचे फडताळ पसंत करणे हाच शहाणपणा. उलट, पुरणपोळी लाटण्यास गार दगडासारखी जागा नाही, हेही त्याच घरातील गृहिणी सांगू शकेल.

कायद्याचाही विचार करावा लागतो. १९७२ साली संमत होऊन १९७६ साली अमलात आलेल्या पुरावस्तूविषयक कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून कमी नसलेली कलाकुसरीची वस्तू पुरावस्तूच्या व्याख्येत येऊ शकते, आणि अशी वस्तू खाजगी व्यक्तीस परदेशी नेता येत नाही. शिसवीच्या सामानास देशाबाहेर नेताना वृक्षसंरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय कराराचे वेगळे बंधन असते. परगावी वा परदेशी असलेल्या मुलांच्या घरी पुढे हे फडताळ पाठवू, असा बेत असेल तर ही चौकशी खरेदीपूर्वीच करावी. विक्रेत्याकडून वस्तूचे लाकूड, अंदाजे काळ व झालेल्या दुरुस्त्या यांचा उल्लेख असलेली पावती घेणेही अगत्याचे आहे. जो विक्रेता तोंडी शंभर वर्षे सांगतो पण कागदावर लिहीत नाही, त्याने आपले उत्तर दिलेले असते.

अखेरीस, जुन्या वस्तूची निवड ही केवळ शोभेची बाब नव्हे. ज्या बाजारात गिऱ्हाईक लादी उचलून पाहत नाही, तेथे तुकडे जोडणाऱ्याची भरभराट होते आणि धड फडताळे मोडण्यातच फायदा दिसू लागतो. जेथे गिऱ्हाईक खण ओढून सांधे तपासते, झालेली दुरुस्ती प्रामाणिकपणे सांगणाऱ्याला योग्य मोल देते, तेथे अखंड वस्तू अखंड राहते. बेंगळुरूच्या छावणीतील बंगले फिरून उभे राहावयाचे नाहीत. त्यांच्या भोजनगृहांतले जे थोडे शिल्लक आहे, ते कुठल्या घरात, कोणत्या स्थितीत नांदेल, हे आता घेणाऱ्याच्या पारखीवर अवलंबून आहे. ज्याच्यावर रोज पाने वाढली जातात, ज्याचे खण रोज उघडतात आणि ज्याची लादी रोज पुसली जाते, ते फडताळ आणखी शंभर वर्षे सहज काढील.