आकाशातील पांढऱ्या रेघा

हिवाळ्यात बडोद्याच्या आकाशाकडे मान वर करून पाहिले, तर कधीकधी उंचावरून जाणाऱ्या विमानामागे लांबच लांब पांढरी रेघ उमटलेली दिसते. मुलांना तिचे कौतुक वाटते. काही शहाणीसुरती माणसे मात्र ही विषाची फवारणी असल्याची कंडी पिकवितात. या कंडीला काडीचाही आधार नाही. परंतु ती रेघ सर्वस्वी निरुपद्रवी आहे, असे म्हणणेही आता धाडसाचे ठरेल.

विमानाचे इंजिन धुराबरोबर पाण्याची वाफ आणि काजळी बाहेर टाकते. दहा-बारा किलोमीटर उंचीवर, सुमारे उणे ४० अंश सेल्सिअसखालच्या थंडीत, ही वाफ काजळीच्या कणांभोवती गोठते. हवा कोरडी असली तर रेघ लगेच विरते. बाष्पाने भरलेली असली तर ती तासन्‌तास पसरत जाऊन तिचा तंतुमेघ बनतो. हा मेघ दिवसा थोडे ऊन परतवितो, पण भूमीची उष्णता रात्रंदिवस अडवून धरतो. रात्री परतविण्यास ऊनच नसते. उरते ती केवळ गोधडी!

सप्टेंबर २००१ मधील हल्ल्यानंतर अमेरिकेतील विमाने तीन दिवस जमिनीवर होती. त्या काळात दिवस-रात्रीच्या तापमानातील अंतर सुमारे एक अंशाने वाढले, असे संशोधकांनी २००२ मध्ये मांडले. पुढे त्यावर वादही झाला. परंतु २०२१ मधील जागतिक आढाव्याच्या अंदाजानुसार, विमानांच्या कार्बन डायऑक्साइडपेक्षाही या मेघांचा तापविणारा परिणाम अधिक आहे.

बडोद्याच्या उकाड्याचा दोष विमानांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. सिमेंटची वाढ आणि झाडांची तोड हे अपराध आपल्या हातचे आहेत. शिवाय आपल्याकडील उंचावरची हवा युरोपच्या मानाने उबदार असल्याने अशा रेघा कमी उमटतात. पण देशातील विमानवाहतूक झपाट्याने वाढत आहे. आमच्या गोव्यातही २०२३ पासून मोपा येथे दुसरा विमानतळ सुरू झाला. तेव्हा स्वस्थ बसणे परवडणारे नाही.

समाधानाची गोष्ट ही की, बहुतांश हानी थोड्याच उड्डाणांमुळे होते. बाष्पाचा थर टाळून विमान थोडे वर वा खाली नेले की काम भागते. अमेरिकेत २०२३ मध्ये जाहीर झालेल्या प्रयोगात ७० उड्डाणांत रेघा ५४ टक्क्यांनी घटल्या. इंधन मात्र किंचित अधिक लागले. युरोपीय संघाने २०२५ पासून विमान कंपन्यांना या परिणामांचा हिशेब ठेवण्यास भाग पाडले आहे.

आपल्या हवामान खात्याने आणि नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने मुंबई-दिल्ली मार्गापासून असा हिशेब आरंभावा, अशी आमची आग्रहाची सूचना आहे. सयाजीराव महाराजांनी आजव्याचे पाणी बडोद्यात आणले, ते पुढच्या पिढ्यांची तहान ओळखून. ती दूरदृष्टी आजच्या राज्यकर्त्यांनी आकाशाबाबतही दाखवावी. कार्बन शतकानुशतके हवेत राहतो. ही रेघ मात्र टाळली की त्याच दिवशी लाभ देते. इतके हाताशी आलेले पुण्य दवडू नये.