यकृताचा आजार आणि आपले ताट

आपल्या बेटाला मॉरिशस हे नाव डच लोकांनी १५९८ साली दिले. १६३९ साली जावाहून येथे ऊसही त्यांनीच आणला. पुढे त्याच उसाच्या मळ्यांत राबण्यासाठी आपले पूर्वज मुंबई इलाख्यातून आले. आज त्या डच लोकांच्या देशाकडून साखरेविषयी व यकृताविषयी चार गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. त्या आम्ही वाचक बंधुभगिनींपुढे ठेवीत आहोत.

निमित्त घरचेच आहे. आमचे एक मामा पुष्कळ वर्षांपासून नेदरलँड्समध्ये राहतात. त्यांनी दारूला कधी हात लावला नाही. मधुमेहाच्या तपासणीत त्यांच्या यकृतात चरबी साठल्याचे आणि ते थोडे कठीण होऊ लागल्याचे आढळले. मामांनी ही गोष्ट सहा महिने लपवून ठेवली. लोक काय म्हणतील? यकृत बिघडले म्हणजे माणूस पिणारा, अशी आपली समजूत! या लाजेपायी उपचाराचे सहा महिने वाया गेले.

दारू न पिणाऱ्याचेही यकृत बिघडते. साखर, गोड पेये, मैदा आणि तेलकट पदार्थ गरजेपेक्षा जास्त खाल्ले की जादा अन्नाची चरबी होऊन यकृतात साठते. पुढे काहींच्या यकृताला सूज येते, व्रण पडतात आणि शेवटी सिऱ्होसिस होतो. हे सारे बहुतेक वेळा न दुखता घडते. आपण भारतीय वंशाचे लोक तर फार लठ्ठ न दिसताही या आजारात सापडतो, कारण आपली चरबी पोटात साठते. कमरेचा घेर पुरुषांचा ९० आणि स्त्रियांचा ८० सेंटिमीटरच्या वर गेला की सावध व्हावे.

रॉटरडॅम शहराच्या ओमोर्ड भागातील रहिवाशांची प्रकृती संशोधक १९९० सालापासून तपासत आले आहेत. त्यांपैकी सुमारे २,४०० जणांच्या यकृताची पाहणी २०१७ साली प्रसिद्ध झाली. सुमारे एकतृतीयांश लोकांच्या यकृतात चरबी होती. रोज तीन किंवा अधिक कप कॉफी पिणाऱ्यांत यकृत कठीण झालेले लोक कमी आढळले. म्हणून कॉफी हे औषध ठरत नाही, पण बिनसाखरेची कॉफी घेण्यास हरकत नाही. मात्र कोणा ओळखीच्याने दिलेल्या जडीबुटीचे काढे डॉक्टरांना विचारल्यावाचून घेऊ नयेत. काही वनस्पती यकृताला घातक असतात.

त्याच देशात आपल्यासारखेच गिरमिटिया पूर्वजांचे वंशज राहतात. त्यांचे पूर्वज १८७३ सालापासून सुरिनामला गेले आणि १९७५ च्या स्वातंत्र्याच्या सुमारास हजारो कुटुंबे नेदरलँड्सला आली. या हिंदुस्थानी समाजात मधुमेहाचे प्रमाण मूळ डच लोकांपेक्षा बरेच जास्त आहे. मधुमेह आणि यकृतातील चरबी ही जोडीनेच येतात. आपली गोष्ट वेगळी नाही.

आता उपाय. मामांचे वजन ८० किलो होते. डॉक्टरांनी सांगितले, चार किलो उतरले तरी यकृतातील चरबी कमी होईल. आठ किलो उतरले तर व्रणही भरू लागण्याची आशा आहे. मामांनी शीतपेये व फळांचे डबाबंद रस सोडले. चहातील साखर बंद केली. पांढऱ्या पावाऐवजी कोंड्याचा पाव, भात अर्धा, डाळ व पालेभाजी दुप्पट. मामींनी तेलाची बाटली थेट कढईवर उपडी करण्याऐवजी चमच्याने मोजून तेल घालण्यास सुरुवात केली. बाजारहाटासाठी मामा मोटार सोडून सायकल वापरू लागले. वर्षभरात सात किलो वजन उतरले आणि तपासणीत यकृत मऊ झालेले दिसले. आपल्याकडे सायकल नसेल तर आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास झपझप चालावे. चरबी दारूची नसली तरी दारू मात्र वर्ज्यच.

ज्यांना सिऱ्होसिस झाला आहे त्यांचे पथ्य निराळे. त्यांचे यकृत साखरेचा साठा नीट करू शकत नाही. लांब उपास घडला की शरीर स्वतःचे स्नायू खाऊ लागते. म्हणून त्यांनी एकादशी, महाशिवरात्रीचे निरंकार उपास करू नयेत. थोडे थोडे खावे आणि झोपण्यापूर्वी काहीतरी पोटात जाऊ द्यावे. डाळ, दूध, अंडी कमी करू नयेत. पोटात पाणी झाले असल्यास मीठ डॉक्टर सांगतील तितकेच घ्यावे.

गणेश चतुर्थीला मोदक करू नयेत असे आम्ही मुळीच म्हणत नाही. सणाचा मोदक सणालाच खावा. रोजचे ताट साधे असावे. आणि घरात कोणाचे यकृत बिघडले तर ते लपवू नये. लाज सोडून वेळीच तपासणी करून घेतली, तर सुधारण्याची संधी यकृत देते.