वाढत्या व्याजदरांचा ऋतुसंधी आणि अल्पमुदतीची बचत

शार्ङ्गधर संहितेने औषधी कल्पांच्या सवीर्यतेचा काल सांगून ठेवला आहे. चूर्ण दोन महिन्यांनंतर हीनवीर्य होते, तर आसव-अरिष्टे जुनी होतील तशी गुणवान ठरतात. द्रव्य तेच असले तरी कल्प बदलला की त्याच्या टिकण्याचा काल बदलतो, हे आपण विद्यार्थिदशेपासून जाणतो. गल्ल्यातील पैशाला हा विवेक लावण्यास मात्र आपल्यापैकी अनेक जण विसरतात. दहा वर्षांनी लागणारा पैसा आणि येत्या हिवाळ्यात आवळा, अश्वगंधा खरेदीसाठी लागणारा पैसा एकाच बरणीत ठेवणे योग्य नव्हे. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या प्रकारच्या, म्हणजे तीन ते बारा महिन्यांत लागणाऱ्या पैशाचा, विशेषतः व्याजदर चढते असताना, विचार करावयाचा आहे.

आपल्या जालना जिल्ह्यात हा प्रश्न अधिक निकडीचा आहे. येथील रुग्ण मुख्यतः शेतकरी. सोयाबीनचा पैसा दिवाळीच्या सुमारास हाती येतो, कापसाचा त्यानंतर. अंबड, घनसावंगी, बदनापूर भागांत मोसंबीच्या बहाराचीही वाट पाहिली जाते. चिकित्सालयाची उधारी याच काळात वसूल होते आणि ग्रीष्मात आवक मंदावते. औषधी विक्रेत्यांचा भरणा व औषधनिर्मात्यांची कच्च्या मालाची खरेदी यांचे वेळापत्रक निराळे असते. त्यामुळे काही लाखांची रक्कम काही महिने हाती राहते. ती चालू खात्यात पडून राहिली तर व्याज शून्य, आणि जादा व्याजाच्या मोहाने भलत्या ठिकाणी गेली तर मुद्दलच धोक्यात.

दर चढतात तेव्हा काय घडते

महागाई आटोक्यात आणण्यासाठी रिझर्व्ह बँक रेपो दर वाढविते. बँकांना पैसा महाग होतो व ठेवींचे दर काही अंतराने वर सरकतात. मे २०२२ मध्ये रेपो दर ४ टक्के होता. सहा टप्प्यांत तो फेब्रुवारी २०२३ पर्यंत ६.५ टक्के झाला. भारतीय स्टेट बँकेच्या एक वर्षाच्या ठेवीवर जानेवारी २०२२ मध्ये ५.१ टक्के व्याज होते, ते फेब्रुवारी २०२३ मध्ये ६.८ टक्के झाले. टपाल खात्याच्या एक वर्षाच्या मुदत ठेवीचा दर २०२२ मध्ये ५.५ टक्के होता. तो जानेवारी २०२३ मध्ये ६.६ व जुलै २०२३ पासून ६.९ टक्के झाला. आठ लाखांवर १.७ टक्क्यांचा फरक म्हणजे वर्षाला १३,६०० रुपये. लहान चिकित्सालयास ही रक्कम उपेक्षणीय नाही.

पुढे चक्र उलट फिरले. फेब्रुवारी २०२५ पासून कपात सुरू होऊन डिसेंबर २०२५ मध्ये रेपो दर ५.२५ टक्क्यांवर आला. यापूर्वीही २००८ मध्ये ९ टक्क्यांवर गेलेला हा दर एप्रिल २००९ पर्यंत ४.७५ टक्क्यांवर उतरला होता. चढ केव्हा संपेल हे आधी सांगता येत नाही. म्हणून शिखर गाठण्याच्या प्रयत्नापेक्षा चढ-उतार दोन्ही सोसणारी रचना करणे श्रेयस्कर.

प्रथम बल पाहावे, मग व्याज

दर चढू लागले की जादा व्याजाच्या जाहिरातींचे पेव फुटते. येथे बँक आणि पतसंस्था यांतील भेद स्पष्ट असावा. बँकेतील ठेवीस ठेव विमा महामंडळाचे संरक्षण असते. ४ फेब्रुवारी २०२० पासून त्याची मर्यादा एका ठेवीदारास एका बँकेत मुद्दल व व्याज मिळून ५ लाख रुपये आहे. नागरी सहकारी बँकांनाही ते लागू आहे. नागरी पतसंस्था व मल्टिस्टेट क्रेडिट सोसायट्या यांना हे संरक्षण नाही. पहिल्या राज्याच्या सहकार खात्याच्या, तर दुसऱ्या केंद्रीय निबंधकांच्या कक्षेत येतात. रिझर्व्ह बँकेचा बँकिंग परवाना दोघींनाही नसतो.

मराठवाड्याने या भेदाची किंमत मोजली आहे. छत्रपती संभाजीनगर येथील अजंता अर्बन को-ऑपरेटिव्ह बँकेवर २०२३ मध्ये निर्बंध आले व एप्रिल २०२५ मध्ये तिचा परवाना रद्द झाला. तेथील ठेवीदारांना निदान ५ लाखांपर्यंत विम्याचा आधार होता. याउलट बीड येथील ज्ञानराधा मल्टिस्टेट सोसायटीचे व्यवहार २०२३ मध्ये ठप्प झाले, तेव्हा ठेवीदारांच्या हाती पोलीस ठाणे व न्यायालय यांच्या पायऱ्याच उरल्या. आमच्या परिचयातील एका औषधी विक्रेत्याची ऐन हंगामातील खरेदीची रक्कम अशाच एका संस्थेत अडकली. दोन टक्के जादा व्याजासाठी ठेवलेला पैसा गेला, आणि पुरवठादारांची देणी फेडण्यासाठी घरातील सोने गहाण पडले. बाजारापेक्षा फार अधिक व्याज हे संस्थेच्या आरोग्याचे नव्हे, तर बहुधा तिच्या व्याधीचे पूर्वरूप समजावे.

आणखी एक सूक्ष्म बाब. चिकित्सालय वा दुकान एकल मालकीचे असेल, तर त्याच्या नावाचे चालू खाते व आपली वैयक्तिक ठेव एकाच बँकेत असल्यास विम्यासाठी दोन्ही एकत्र मोजली जातात. निरनिराळ्या शाखांतील ठेवींचेही तसेच. भागीदारी संस्थेची ठेव मात्र भागीदाराच्या वैयक्तिक ठेवीहून वेगळी धरली जाते. म्हणून ५ लाखांवरील रक्कम दोन स्वतंत्र बँकांत विभागावी.

उपलब्ध पर्याय

१. बँकेची मुदत ठेव. अल्पमुदतीसाठी हाच मुख्य पर्याय. ठेवताना मुदतपूर्व मोडण्याची सोय व दंड विचारून घ्यावा. मुदत संपल्यावर पावती कपाटात विसरू नये. न उचललेल्या, नूतनीकरण न झालेल्या ठेवीवर ठरलेला दर किंवा बचत खात्याचा दर यांपैकी जो कमी असेल तोच मिळतो, असा रिझर्व्ह बँकेचा २०२१ चा निर्देश आहे. स्वयंचलित नूतनीकरणाची सूचना दिली असल्यास जुन्याच मुदतीसाठी पैसा पुन्हा अडकतो, हेही ध्यानी ठेवावे.

२. टपाल खात्याची एक वर्षाची मुदत ठेव. केंद्र सरकारची हमी असल्याने येथे ५ लाखांच्या मर्यादेचा प्रश्न नाही. किमान रक्कम १,००० रुपये. पहिले सहा महिने ती मोडता येत नाही. सहा महिन्यांनंतर पण वर्षाच्या आत मोडल्यास केवळ बचत खात्याचा दर मिळतो. म्हणून वर्षभर निश्चित न लागणारा पैसाच येथे ठेवावा.

३. ट्रेझरी बिले. केंद्र सरकारची ९१, १८२ व ३६४ दिवसांची ही कर्जपत्रे दर्शनी किमतीपेक्षा कमी दराने मिळतात. नोव्हेंबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या रिटेल डायरेक्ट योजनेतून सामान्य व्यक्तीस ती किमान १०,००० रुपयांपासून घेता येतात. ९८ रुपये ३० पैशांस घेतलेल्या बिलाचे ९१ दिवसांनी १०० रुपये झाले, तर वार्षिक उत्पन्न सुमारे ६.९ टक्के पडते. दर चढते असतील तर दर तिमाहीस नवे बिल नव्या दराने घेता येते.

४. लिक्विड फंड. हे ९१ दिवसांपर्यंतच्या कर्जरोख्यांत पैसा ठेवतात. पैसा लवकर परत मिळतो. परंतु विमा नाही व परताव्याची हमीही नाही. नावात 'अल्प' हा शब्द आहे म्हणून प्रत्येक फंड निर्धोक मानू नये. एप्रिल २०२० मध्ये फ्रँकलिन टेम्पलटनने एकाएकी बंद केलेल्या सहा योजनांत एक 'अल्ट्रा शॉर्ट' नावाचीही होती.

दीर्घ मुदतीच्या रोख्यांचे फंड चढत्या दरांत अपथ्यकर होत. नवे रोखे अधिक व्याज देऊ लागले की जुन्यांची किंमत घटते. दर एक टक्क्याने वाढल्यास दहा वर्षांच्या रोख्याची किंमत ढोबळमानाने सात टक्के उतरते, तर ९१ दिवसांच्या बिलाची जेमतेम पाव टक्का. सरकारचे फ्लोटिंग रेट बचत रोखे दर सहा महिन्यांनी नव्या दराशी जुळतात हे खरे. पण त्यांची मुदत सात वर्षांची असल्याने खरेदीच्या पैशास ते निरुपयोगी आहेत.

पादांशिक क्रम

ऋतुसंधीत जुना विधी एकाएकी न सोडता क्रमाने सोडावा व नवा क्रमाने स्वीकारावा, असे शास्त्र सांगते. पैशाच्या बाबतीतही हाच क्रम हितावह आहे. समजा, परतूर येथील एका वैद्यांजवळ १ एप्रिल रोजी आठ लाख रुपये आहेत. त्यांनी दोन-दोन लाखांच्या चार ठेवी अनुक्रमे तीन, सहा, नऊ व बारा महिन्यांसाठी, दोन बँकांत विभागून कराव्यात. जुलै, ऑक्टोबर, जानेवारी व एप्रिल या महिन्यांत एकेक ठेव मोकळी होईल. खरेदी असल्यास पैसा हाताशी आहे. नसल्यास ती पुन्हा बारा महिन्यांसाठी त्या वेळच्या दराने ठेवावी. दर चढले तर दर तिमाहीस एक चतुर्थांश रकमेस वाढीव दर मिळतो. दर उतरले तर तीन चतुर्थांश रक्कम जुन्या दरांवर अजून चालू असते. शिवाय महिना-दोन महिन्यांच्या खर्चाइतकी रक्कम बचत खात्यात निराळी असावी.

जुनी पावती मोडावी काय?

गणित करून ठरवावे. समजा, दोन लाखांची तीन वर्षांची ठेव ५.५ टक्क्यांनी आहे व नवा दर ७ टक्के आहे. मुदतपूर्व मोडल्यास, जितका काळ ठेव राहिली त्या मुदतीचा ठेवतेवेळचा दर, समजा ५.१ टक्के, त्यातून अर्धा टक्का दंड वजा होऊन ४.६ टक्के मिळेल. एकच वर्ष झाले असेल तर मागील नुकसान १,८०० रुपये व उरलेल्या दोन वर्षांतील लाभ ६,००० रुपये, मोडणे इष्ट. अडीच वर्षे झाली असतील तर, तोच दर धरल्यास, नुकसान ४,५०० व लाभ केवळ १,५००, मोडू नये. व्याज करपात्र असल्याने हाती येणारी रक्कम करकपातीनंतरची धरावी.

आपण रुग्णाचे बल, अग्नी व काल पाहिल्याशिवाय मात्रा ठरवीत नाही. ठेव करतानाही तीन प्रश्न कागदावर लिहावेत: हा पैसा केव्हा लागणार, तो कोणाच्या हमीवर ठेवतो आहोत, आणि मधेच लागला तर किती तुटीने मिळेल? या तिघांची उत्तरे समाधानकारक आल्यावरच व्याजाचा आकडा पाहावा. पाव-अर्धा टक्का कमी मिळाला तरी हंगामाच्या दिवशी पुरवठादारास देण्यासाठी पैसा हाती असणे, हीच अल्पमुदतीच्या बचतीची फलश्रुती होय.